एसए आणि आयएसए एकच, मग हिंगणघाटचा अनुभव मेलबर्नला चालतो का?

भाऊ, तुम्ही विचारलं की वर्धा जिल्ह्यात सीए आहात, जिनिंग, पतसंस्था आणि टॅक्स ऑडिटवर फर्म चालते, ऑस्ट्रेलियाला जायचं मनात आहे. आपले एसए (ऑडिटची भारतीय मानकं) आंतरराष्ट्रीय आयएसएवरूनच घेतलेले, तर इथला अनुभव तिकडे धरतील का? मी हिंगणघाटचाच, मेलबर्नला ऑडिटमध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदावर फार फरक नाही. आयएएएसबी हे आंतरराष्ट्रीय मंडळ आयएसए काढतं, आयसीएआयने (आपल्या सीएंच्या संस्थेने) बहुतेक तेच क्रमांक ठेवून एसए केले, ऑस्ट्रेलियात त्यांचे एएसए झाले. 315 म्हणजे जोखीम ओळखणं, 570 म्हणजे धंदा पुढे चालेल की नाही ते पाहणं, हे सगळीकडे सारखंच. वेगळं निघतं ते थोडंच. संयुक्त ऑडिटचं एसए 299 आपलं घरचं आहे, त्याला आयएसएत जोडीदार नाही. दुसरं 600, म्हणजे समूहातल्या काही कंपन्या किंवा शाखा दुसरा ऑडिटर तपासतो तेव्हाचं. आपल्या जुन्या एसए 600 प्रमाणे मुख्य ऑडिटर दुसऱ्या ऑडिटरच्या कामावर विसंबतो आणि रिपोर्टात तसं लिहून मोकळा होतो. आंतरराष्ट्रीय 600 मध्ये पूर्ण समूहाची जबाबदारी एकट्या ग्रुप ऑडिटरवर, म्हणजे मुख्य ऑडिटरवर. एनएफआरएने (ऑडिटवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने) नोव्हेंबर 2024 मध्ये आपलंही तसं करायची शिफारस केली, तेव्हा छोट्या फर्मांच्या पोटावर येईल म्हणून आयसीएआयने विरोध केला. मुलाखतीत हा फरक नीट सांगता आला तर समोरचा सावरून बसतो.

खरी अडचण ऑडिटच्या फाइलची, म्हणजे तपासणीच्या लेखी नोंदींची आहे. आता जिनिंगचंच घ्या. 100 किलो कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर्षभरात 10,000 क्विंटल कापूस लागला असेल तर 34 च्या उताऱ्याने 3,400 क्विंटल रुई, म्हणजे 170 किलोच्या 2,000 गाठी. रजिस्टरला 1,850 दिसल्या की आपण मालकाला गाठतो. तो म्हणतो, औंदा पाऊस लांबला, माल ओला होता. आपण काट्याच्या पावत्या चाळतो, अडत्याला एक फोन करतो, पटतं, आणि फाइलमध्ये काय उरतं? एक टिक आणि ‘तपासले’ हा शिक्का.

हे काम म्हणजे चोख 520 (आकड्यांचा मेळ बसतो का ते पाहणं) आहे, आणि मेलबर्नच्या कुठल्याही मोठ्या फर्मच्या पोरापेक्षा तुम्ही ते चांगलं करता. पण कामाच्या नोंदी ठेवण्याचं 230 म्हणतं की त्या ऑडिटशी कधीच संबंध न आलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसत्या फाइलवरून काय केलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कसा काढला ते कळलं पाहिजे. म्हणजे 34 कुठून आणला, किती फरक चालवून घेणार होतो हे आधी ठरलं होतं का, ओलाव्याचा कागद कुठे आहे, सगळं लिहिलेलं हवं. खातेबाकीच्या पत्रांचंही (समोरच्याकडून बाकीचा दुजोरा घेतो त्यांचंही) तेच. मुनीम सूतगिरणीतून सही-शिक्का मारून आणतो आणि आपण फाइलला लावतो. अशा दुजोऱ्याच्या 505 मध्ये पत्र ऑडिटरने धाडायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडेच यायचं, हे एसएतही तसंच लिहिलंय. ऑस्ट्रेलियात 2006 पासून कंपनी ऑडिटला ही स्टँडर्ड्स कायद्याच्या जोरावर लागू आहेत आणि एएसआयसी (तिथलं कंपन्यांचं सरकारी नियामक) फाइली मागवतं. आपल्याकडेही कंपनी कायद्याच्या कलम 143 मध्ये बंधन आहेच, पण 2018 ला आलेल्या एनएफआरएचा रोख मोठ्या कंपन्यांवर. हिंगणघाटच्या जिनिंगची फाइल बघायला कोण येतंय!

म्हणून जायच्या आधी दोन-तीन ऑडिट तरी अशी करा की फाइल बोलेल. मालक कुरकुरेल, फी तेवढीच राहील. पतसंस्थेचंही धरा: थकीत कर्जाची तरतूद कशी तपासली हे तिकडच्या छोट्या वित्तसंस्थेच्या ऑडिटला थेट लागू पडतं. टॅक्स ऑडिटचं मात्र फारसं कौतुक होणार नाही.

व्हिसासाठीचं मूल्यांकन सीपीए ऑस्ट्रेलिया, सीए एएनझेड किंवा आयपीए या तिथल्या अकाउंटंटांच्या संस्था करतात. पण सदस्यत्व मिळालं म्हणजे ऑडिट रिपोर्टवर सहीचा अधिकार मिळाला, असं नाही. कंपनी ऑडिटर म्हणून एएसआयसीकडे नोंदणी लागते, आणि अनुभवाच्या वाटेने जायचं तर अर्जाआधीच्या पाच वर्षांत नोंदणीकृत ऑडिटरच्या हाताखाली 3,000 तास, त्यातले 750 स्वतः ऑडिटवर देखरेख करण्याचे. स्वतःच्या नावाने सह्या करायची सवय असलेल्याला ही वर्षं जड जातात. घरी आधीच सांगून ठेवा.

तिथलं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, गर्दी जुलै ते सप्टेंबर. फर्मा माणसं त्याआधी शोधतात, तेव्हा अर्ज फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोचू द्या. टॅक्स ऑडिट उरकून निघतो म्हणाल तर त्यांचा हंगाम गेलेला असेल.