वाचकांचे प्रश्न: टेक्लामधलं स्टीलचं मॉडेल स्टाडमध्ये नेताना

प्रश्न: शेडचं मॉडेल टेक्ला स्ट्रक्चर्स या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. स्टाड-प्रो या बलं आणि वाक यांचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर दिसायला सगळं जागेवर असतं, पण रन दिला (हिशेब चालवला) की अस्थिरतेच्या वॉर्निंग येतात आणि काही बीम भलतेच खाली जातात. चूक शोधायची कुठे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर: बहुतेक वेळा चूक नोडमध्ये, म्हणजे मेंबर (बीम, कॉलम वगैरे) जिथे जोडले जातात त्या बिंदूंमध्ये असते. टेक्लामधला बीम ही खरी वस्तू असते: लांबी, खोली, फ्लँज सगळं त्यात येतं. स्टाडला हवी असते नुसती रेघ आणि तिच्या दोन टोकांचे नोड. रेघा एकमेकींना टेकल्या नाहीत, तर डोळ्यांना जोडलेला दिसणारा बीम हिशेबात लटकतच राहतो.

समजा, मजल्याचं टॉप ऑफ स्टील (स्टीलच्या वरच्या पृष्ठभागाची पातळी) +६००० मिमी आहे. मुख्य बीम आयएसएमबी ४०० (४०० मिमी खोलीचा आय आकाराचा सेक्शन), दुय्यम आयएसएमबी २५०. रेघ न्यूट्रल ॲक्सिसवरून (सेक्शनच्या मध्यातून) घेतली, तर मुख्य बीम ५८०० वर येतो आणि दुय्यम ५८७५ वर. मधे ७५ मिमीची फट. ती बुजवायला काही जण नोड जुळवण्याचा टॉलरन्स १०० मिमी करतात. तसं करू नका. त्याने ब्रेसिंगचे (सांगाडा आडवा हलू न देणाऱ्या तिरक्या मेंबरचे) नोडही भलत्या ठिकाणी ओढले जातात आणि ते सहज दिसत नाही. त्याऐवजी टेक्लामध्ये त्या बीमच्या ॲनालिसिस प्रॉपर्टीत ॲक्सिस ‘रेफरन्स ॲक्सिस’ (मॉडेल करताना धरलेली रेघ) करा. बीम टॉपला धरून मॉडेल केलेले असले, तर दोन्ही रेघा ६००० वर भेटतात. कॉलम हिशेबात २०० मिमी लांब होतो, तेवढं चालतं. एक्सेन्ट्रिसिटीसह (दोन अक्षांमधलं अंतर ऑफसेट म्हणून धरणारा) रेफरन्स ॲक्सिस हाही पर्याय तिथे आहे, पण साध्या मजल्याला तो लावू नये. दोन्ही टोकं आडवी अडवलेली असतील, तर ऑफसेटमुळे बीममध्ये नसलेलं अक्षीय बल दिसू लागतं.

स्टाडमध्ये आल्यावर रन देण्याआधी डुप्लिकेट नोड, ऑर्फन नोड (कुठल्याच मेंबरला न जोडलेले), एकावर एक पडलेले मेंबर आणि मल्टिपल स्ट्रक्चर्स या चार तपासण्या करा. शेवटची सर्वांत कामाची. सांगाडा एकच असायला हवा, तिथे तीन निघाले तर कुठला तुकडा सुटलाय ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे, मधून जाणारा मेंबर नोडपाशी तोडलेला नसेल, तर स्टाड तिथे जोड धरत नाही. क्रॉस ब्रेसिंगला मात्र उलट काळजी घ्या. दोन तिरक्यांच्या छेदावर नोड पडला आणि मेंबर ट्रस (फक्त अक्षीय बल घेणारे) किंवा फक्त टेन्शनवाले असले, तर त्या नोडला ब्रेसिंगच्या प्रतलाबाहेर धरणारं काहीच उरत नाही. अस्थिरतेची वॉर्निंग अनेकदा तिथलीच निघते.

प्रश्न: मॉडेल येतं, पण कॉलम ९० अंशांनी फिरलेले असतात. काही मेंबरना सेक्शनच लागत नाही. एकदा तर कॅनोपी दुसऱ्याच बाजूला गेली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: कॅनोपीपासून सुरुवात करू. टेक्लामध्ये वर जाणारा अक्ष झेड, स्टाडमध्ये मूळचा वाय. म्हणून टेक्लाचा (एक्स, वाय, झेड) बिंदू स्टाडमध्ये (एक्स, झेड, उणे वाय) व्हायला हवा. ते उणे राहिलं की मॉडेलची आरशातली प्रतिमा तयार होते. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या शेडमध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘सेट झेड अप’ वापरलं तर हा प्रश्न मिटतो, पण मग सेल्फवेट (सांगाड्याचं स्वतःचं वजन) झेड उणे १ द्या. सवयीने वाय उणे १ लिहिलंत, तर इमारतीचं वजन आडवं लागतं!

कॉलमची दिशा ठरते बीटा अँगलवर (मेंबर स्वतःच्या लांबीभोवती किती फिरवला तो कोन). वाय वर असताना बीटा शून्य म्हणजे कॉलमचा लोकल (स्वतःचा) झेड अक्ष ग्लोबल (संपूर्ण मॉडेलच्या) झेडला समांतर, म्हणजेच वेब (दोन फ्लँजना जोडणारी मधली प्लेट) एक्स दिशेला. थ्रीडी रेंडर करून एका कोपऱ्यातला आणि एका मधल्या रांगेतला कॉलम पाहा. ते दोन बरोबर असले की सहसा बाकीचेही बरोबर असतात.

सेक्शनचं दुखणं नावाचं आहे. एका बाजूला ‘आयएसए१००*१००*१०’, दुसऱ्या बाजूला फुल्लीऐवजी एक्स. एवढ्यावरही मेंबर सेक्शनविना राहतो. नावजुळणीची फाईल एकदा नीट करा आणि ऑफिसात सगळ्यांनी तीच वापरा. बॅक-टू-बॅक अँगल किंवा जोडचॅनल मात्र हाताने तपासा: टेक्लामध्ये ते दोन वेगळे पार्ट असतात, स्टाडला एकच मेंबर हवा.

सगळं झाल्यावर वजन जुळवा. टेक्लाच्या रिपोर्टमधून प्लेट, क्लीट, बोल्ट वगळून मुख्य मेंबरचं वजन काढा आणि स्टाडच्या सेल्फवेटच्या एकूण रिॲक्शनशी ताडा. सहा मीटरचा एक आयएसएमबी ४०० सुमारे ३७० किलोचा, त्यामुळे एखादा सुटला तरी फरक दिसतो.

प्रश्न: डिझाइनमध्ये कॉलम आरामात पास होतात, जरा जास्तच आरामात. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ठेवू नका. सहा मीटरच्या कॉलमला दर दीड मीटरवर गर्ट (भिंतीचे पत्रे धरणारे आडवे मेंबर) लागले की स्टाडमध्ये त्याचे चार तुकडे होतात, आणि एलवाय, एलझेड (कमकुवत आणि बळकट अक्षाला धरायच्या लांब्या) दिले नाहीत तर प्रत्येक तुकड्याची लांबी दीड मीटर धरली जाते. आयएसएमबी ४०० चा कमकुवत अक्षाचा आर (रेडियस ऑफ जायरेशन) सुमारे २८.२ मिमी. १५०० ला सडपातळपणा (लांबी भागिले आर) ५३, ६००० ला २१३. आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये डेड आणि लाइव्ह लोडच्या कॉम्प्रेशन मेंबरला मर्यादा १८० आहे. तोच कॉलम एका हिशेबात सहज पास, दुसऱ्यात सरळ बाद. दीड मीटर धरायचंच असेल, तर ती गर्टची रांग ब्रेसिंगच्या बेपर्यंत (ब्रेसिंग असलेल्या, दोन कॉलममधल्या गाळ्यापर्यंत) पोचते का ते आधी बघा. बळकट अक्षाला मात्र पूर्ण सहा मीटर धरावेच लागतात, आणि मोमेंट फ्रेममध्ये (घट्ट जोडांच्या सांगाड्यात) केझेड, म्हणजे त्या लांबीचा गुणक, एकापेक्षा जास्त.

डिफ्लेक्शनचंही तेच. तुकड्याच्या दोन टोकांमधला वाक मोजला, तर कुठलाही बीम पास होईल. डीजे१ आणि डीजे२ या वाक मोजण्याच्या पॅरामीटरना पूर्ण स्पॅनचे टोकाचे नोड द्या. सहा मीटरला स्पॅन/३०० म्हणजे २० मिमी. बीमची टोकं पिन (मोकळी फिरणारी) असतील तर एमझेडचं रिलीज (टोकाला मोमेंट न धरण्याची सूट) आलंय का तेही उघडून बघा. नुसत्या रेघा नेणाऱ्या डीएक्सएफ फाईलमध्ये किंवा मॉडेल एकमेकांशी ताडून बघायला दिलेल्या आयएफसी २एक्स३ फाईलमध्ये ते मिळायचं नाही.

प्रश्न: स्टाडमध्ये बदललेले सेक्शन टेक्लामध्ये परत घ्यावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: सेक्शन घ्या, भूमिती नाही. रेघ हिशेबासाठी सरकवलेली असते. ती परत आली तर बीम टॉप ऑफ स्टीलवरून हलतो आणि तयार कनेक्शन तुटतात. मेंबर तोडून झाल्यावर चार तुकड्यांना चार वेगळे सेक्शन लागलेले नाहीत ना, ते परत घेण्याआधी बघा. तसं असेल तर स्टाडमध्येच ग्रुप करून एकच सेक्शन ठरवा, मग पुन्हा रन द्या.