कोलोनच्या आर्चबिशपने जर्मनीच्या बालराजाला खरंच पळवलं होतं का, आणि कशासाठी?

हो, खरंच पळवलं होतं, आणि तेही राज्याचा कारभार आपल्या हाती घेण्यासाठी. १०६२ च्या वसंतात राइनकाठच्या कायझर्सवर्थ इथे आर्चबिशप दुसरा आनो याने ११ वर्षांच्या चौथ्या हेन्रीला एक सजवलेली नाव पाहायला बोलावलं. पोरगा नावेत चढताच वल्ही चालू लागली आणि नाव निघाली. घाबरून त्याने नदीत उडी टाकली. ब्राउनश्वाइगचा काउंट एकबर्ट मागोमाग उडी घेऊन त्याला वर काढेपर्यंत तो जवळजवळ बुडालाच होता. राजचिन्हंही आनोने ताब्यात घेतली. हेन्रीची आई आग्नेस राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होती, तिचा काळ इथेच संपला. ज्याच्याकडे राजा, त्याच्याच नावाने हुकूम सुटायचे, म्हणून मुलगा हवा होता.

पण ही सद्दी फार टिकली नाही. ब्रेमेनचा आर्चबिशप आडालबर्ट लवकरच वरचढ झाला. १०७४ मध्ये पाहुण्या बिशपसाठी एका व्यापाऱ्याची नाव जबरदस्तीने घेतल्यावर खुद्द कोलोनचे लोक उठले आणि आनोला शहरातून पळावं लागलं. परतल्यावर त्याने दिलेल्या शिक्षा निर्दय होत्या. तरीही ११८३ मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं!

एक लक्षात घ्या: नावेचा आणि उडीचा तपशील मुख्यतः हेर्सफेल्डच्या लाम्पर्ट या मठवासीयाच्या बखरीतून येतो. तो हेन्रीचा कट्टर विरोधक होता, त्यामुळे बारकावे जपून घ्यावेत. अपहरण मात्र इतर समकालीन बखरींतही नोंदलेलं आहे.