वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेसाठी मोठे वक्ते कसे मिळवायचे? उद्घाटनाला आमदारांना बोलवावं का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या वाचनालयात मे महिन्यात पाच दिवस व्याख्यानं आणि शेवटचे दोन दिवस सांस्कृतिक कार्यक्रम ठरताहेत, वक्ते नावाजलेले हवेत आणि आमदारांवरून समितीत दोन तट पडलेत. वक्त्यांचं नंतर बघू. तुम्ही सोबत कार्यक्रमाचा जो क्रम दिलाय तो वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, देणगीदारांचं मनोगत, प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द, मग व्याख्यान. म्हणजे ज्याच्यासाठी लोक घरून निघाले ते नवव्या क्रमांकावर. त्याच्याही मागे अध्यक्षीय समारोप आणि आभार आहेतच.

मी अशाच एका वाचनालयात ग्रंथपाल होते. तालुक्याचं, सरकारी वर्गवारीत ब वर्गाचं. व्याख्यानमाला कार्यकारिणीची, खुर्च्या मांडणं माझं आणि शिपायाचं, आणि पत्रिकेत नावं बाकी सगळ्यांची. त्याची तक्रार नाही. पण एका वर्षी समारोपाला भारूड ठेवायचं मीच सुचवलं होतं. शेजारच्या गावात एक मंडळ होतं, नाथांची भारुडं पिढीजात करणारं. त्यातले बुवा आमच्या वाचनालयात तालुक्याच्या बाजाराला आले की वर्तमानपत्र वाचायला टेकायचे, तशी ओळख. मानधन किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "जाया-यायचं भाडं द्या, बाकी तुमच्या मनाला येईल ते." एकच अट होती. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी सव्वानऊला सुटायची आणि मंडळातल्या दोघांना पहाटे दुधाला उठायचं होतं.

सातची वेळ दिली होती. आमदारांची वाट बघण्यात पाऊण तास गेला. मग दीपप्रज्वलन. मे महिना, अंगणात माणसं दाटलेली, म्हणून दोन मोठे पंखे लावलेले. समईची एक वात पेटवावी तर दुसरी विझे. पंखे बंद केले. फोटोवाल्याला सगळे एका रांगेत हवे होते, म्हणून मेणबत्ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहिली. मी मासिकांच्या कपाटाजवळ उभी होते. तिथेच स्टुलावर बुवा भुत्याचं, म्हणजे देवीच्या भक्ताचं, सोंग घेऊन बसलेले. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मळवट, मांडीवर न पेटवलेला पोत, म्हणजे देवीची मशाल. घामाने मळवटाचा ओघळ नाकापर्यंत आला होता आणि ते तो बोटाने परत वर सारत होते. संबळवाला हळूच थाप मारून बघायचा आणि समितीतलं कोणीतरी मागे वळून डोळे वटारायचं.

त्या दिवसाचं पुष्प, म्हणजे मालेतल्या त्या दिवसाचा खर्च, एका व्यापाऱ्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलं होतं. फोटोला हार झाला, मुलाचं मनोगत झालं, जावयाचंही झालं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि ते घेणारे सगळे मंचावरचेच, देणारेही तेच. आमदार बोलले, चांगलं बोलले, फक्त वाचनालयाबद्दल सोडून. पावणेनऊला बुवांना मंच मिळाला.

जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात त्यांनी अंगण हलवून सोडलं. पुढच्या ओळीतली शाळकरी पोरं उठून नाचायला लागली, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाया पुढे येऊन सतरंजीवर बसल्या. रंग भरला तोच बुवांनी संबळवाल्याकडे बघितलं, हात जोडले आणि सोंगासकट मंचावरून उतरले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बाई, पुढल्या टायमाला आधी आम्हाला उरकू द्या, मग तुमचं चालू द्या." मळवट न पुसता मंडळ स्टँडकडे पळालं. आणि इकडे अध्यक्षीय समारोप सुरू झाला! उठून जाणाऱ्या लोकांना अध्यक्ष माइकवरून सांगत होते की वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. खजिनदार म्हणाले, "मॅडम, माणूस पुष्पाला पैसे देतो तो चारचौघांत वडिलांच्या फोटोला हार घालायला. भारूड बघायला नाही देत." मुद्दा खोटा नव्हता. वाचनालय चालवायला सरकारकडून मिळणारं परिरक्षण अनुदान दोन हप्त्यांत येतं, तेही कधी येईल ते सांगता येत नाही, आणि ते पगार आणि पुस्तकांतच संपतं. व्याख्यानमाला देणगीवरच उभी राहते. पण देणगीदाराला मान द्यायचा म्हणजे माइकच द्यायचा, हे कुठल्या घटनेत लिहिलंय? मी म्हटलं, हार साडेसहाला घाला, त्यांच्या कुटुंबाला चहाला बोलवा, फोटो काढा, नाव पत्रिकेवर आणि फलकावर मोठ्या अक्षरात छापा. सातला थेट वक्ता. परिचय चार वाक्यांत, अध्यक्ष नकोच. वाद बराच चालला. "अध्यक्षाशिवाय सभा म्हणजे काय लग्नाशिवाय वरात?" असंही एकाने विचारलं. शेवटी एक वर्ष करून बघू म्हणून मान्य झालं.

त्या वर्षी व्याख्यान सात वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचं आणि साडेआठला प्रश्नोत्तरं चालू असायची. प्रश्न! आमच्याकडे त्याआधी प्रश्नांना वेळच उरलेला नसे. काही देणगीदार गळाले, तो व्यापारीही गळाला. आणि नव्या कार्यकारिणीने क्रम पुन्हा होता तसा केला. खजिनदार आजही भेटले की "तुमच्यामुळे दोन पुष्पं गेली" म्हणतात. अंगणात किती माणसं शेवटपर्यंत बसली, हे मात्र त्यांच्या वहीत कधीच नसतं.

आता तुमचं. आमदारांना जरूर बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, श्रोता म्हणून. बोलायचंच असेल तर व्याख्यानानंतर. आले नाहीत तर सातला सुरू करा.

मोठ्या वक्त्यांबद्दल एवढंच की मे महिन्यात सगळ्यांनाच ते हवे असतात. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही चालते. नाशिकलाही गोदाघाटावर एक चालते. शिवाय गावोगावच्या आहेतच. तुम्ही एकट्याने बोलावण्यापेक्षा शेजारच्या दोन तालुक्यांच्या वाचनालयांशी बोला आणि एकाच वक्त्याला लागोपाठच्या तारखा द्या. प्रवासखर्च वाटला जातो आणि वक्ताही लवकर हो म्हणतो. मानधन पहिल्याच फोनवर विचारा, "आपण काय ते बघू" म्हणू नका, त्यात दोघांचाही अपमान होतो. आणि सगळी पुष्पं बाहेरच्यांना देऊ नका. तुमच्या तालुक्यात विहिरी खोदणारा, जुनी कागदपत्रं मोडीतून वाचणारा, बियाणं राखणारी कोणीतरी असेलच. त्यांना फक्त "व्याख्यान द्या" म्हणू नका, घाबरतात. समोर बसून प्रश्न विचारा, मुलाखत करा.

तारखा ठरवताना पंचांग बघा. दाट लग्नतिथीला मंडप, खुर्च्या, माइक काहीच मिळत नाही आणि श्रोतेही पंगतीला असतात. अंगणात करणार असाल तर वळवाच्या पावसासाठी आतला हॉल मोकळा ठेवा. माइकची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा; रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक कार्यक्रमात नाटक किंवा एकांकिका असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि नाटकाच्या संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते त्या संस्थेला विचारा. आणि कलाकार परगावचे असतील तर त्यांची परतीची गाडी किती वाजता आहे, ते कार्यक्रम लिहायच्या आधी विचारा.

एक मात्र मान्य करते. माझा क्रम लहान वाचनालयाला झेपेलच असं नाही. सगळा खर्च एकाच घराण्याच्या देणगीवर चालत असेल, तर त्यांच्या मनोगताला पाच मिनिटं देऊन टाका आणि घड्याळ लावून बसा.

वक्त्यांना पत्रं डिसेंबरातच जायला हवीत. याच मेसाठी विचारत असाल तर मोठ्या नावांचा नाद सोडा, उशीर झालाय.