कोर्स लिहिणाऱ्याला शिकवता येईल का?

‘मॅडम, इतकी वर्षं पडद्यामागे बसून कोर्स तयार केले. आता ट्रेनर व्हायचं म्हणजे परत पहिलीत बसायचं काय?’

बेळगावात टिळकवाडीच्या घरातून बंगळुरूच्या कंपनीसाठी इन्स्ट्रक्शनल डिझाइन, म्हणजे प्रशिक्षणाचे कोर्स आखायचं आणि लिहायचं काम, करणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) या क्षेत्रातले बरेच जण हीच धास्ती घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात.

मी विचारलं, कामातलं काय मनापासून आवडतं? स्टोरीबोर्ड (कोर्सचा पडद्यागणिक आराखडा) नव्हे. तज्ज्ञाला फोनवर ‘नवखा माणूस नेमका कुठं चुकतो?’ असं खोदून विचारणं! कंपनीच्या परिपत्रकांचं, बातमीपत्राचं काम त्यांना लगेच जमलं असतं, पण तिथं माणसं लांबच राहतात. कोचिंगमध्ये (शिकवणी नव्हे, प्रश्न विचारत एकेकाला वाट शोधायला मदत करणं) उत्तर समोरच्यानं शोधायचं असतं. उत्तरं आधीच मांडून ठेवायची सवय तिथं आड येते. शिवाय आयसीएफ या कोचच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं एसीसी हे सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्र घ्यायचं तर किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. म्हणून आधी ट्रेनिंग, असं माझं मत पडलं. नोकरी न सोडता.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात बाईंच्या नात्यातल्यांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, होता. विषय ठरला, वितळलेलं लोखंड ओतताना घ्यायची काळजी. ओलाव्याशी गाठ पडली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. बाईंनी स्लाइड केल्या नाहीत. ‘ओतायच्या आधी तुम्ही काय बघता?’ एवढंच विचारलं. खानापूरकडचे एक जुने कामगार म्हणाले, ‘ताई, लेडल तापवून सुकवल्याबिगर हात लावत नाही आम्ही.’ (लेडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं.) दुसऱ्यानं कन्नडमध्ये हरकत घेतली, घाईच्या पाळीत कोण थांबतंय? खरी अडचण तिथं उघडी पडली.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुष्कळ ट्रेनर फीडबॅक फॉर्म भरून घेतात आणि निघतात. प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला हे मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांतली ती फक्त पहिली, सहभागींना कसं वाटलं एवढंच सांगणारी. या बाई काही आठवड्यांनी पाळी बदलताना जाऊन उभ्या राहिल्या, लेडल खरंच सुकवतात का ते बघायला. वागण्यातला बदल, म्हणजे तिसरी पायरी, तपासायची शिस्त त्यांना डिझाइननंच लावली होती. मालकानं पुढचं सत्र मागितलं ते त्यामुळेच.

सभाधीटपणा अजून कमी आहे, आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही. त्याचा सराव चालू आहे. नोकरीही चालू आहे.