न्यूझीलंडची गायिका लॉर्ड हिच्या 'मेलोड्रामा' अल्बमची समीक्षकांनी उगाच हवा केली का? त्यातलं एकही गाणं तिच्या आधीच्या 'रॉयल्स'एवढं चाललं नाही.

हा प्रश्न माझ्या चुलतभावानेच नाव बदलून टाकलाय की काय, अशी शंका आली. २०१७ पासून दादाचं हेच पालुपद आहे.

अल्बम आला त्या सुमारास आम्ही लांबच्या प्रवासाला निघालो होतो आणि गाडीतली गाणी दादाच्या ताब्यात. मी हट्ट करून त्यातलं 'ग्रीन लाइट' लावायला लावलं. मिनिटभर ऐकलं असेल-नसेल, "उचलतच नाही गं हे," म्हणून त्याने पुढचं लावलंसुद्धा. अहो, तिथेच तर पियानो उसळी घेतो आणि गाण्याचा नूर पालटतो! मी चिडले, तर म्हणे, "पहिल्या मिनिटात पकडत नाही ते पॉप कसलं?" वहिनीने गाणीच बंद केली, तरी आमचं चालूच.

गंमत म्हणजे, मॅक्स मार्टिनसारख्या हिट गाण्यांच्या कारागिरालाही हे गाणं नियमात न बसणारं वाटलं होतं. सूर मध्येच बदलतो, ठेका उशिरा येतो. हे खुद्द लॉर्डनेच मुलाखतीत सांगितलंय, आणि गाणं तसंच ठेवलंय. दादाला हे सांगितल्यावर तो खूश, "बघ, मार्टिन माझ्या बाजूने!" पण मार्टिनने निदान ऐकून मत दिलं होतं. दादाने पियानोच्या उसळीआधीच बटण दाबलं.

बरं, तुमचं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर तिच्या पहिल्या अल्बमला, 'प्युअर हिरोइन'ला, ७९ गुण, 'मेलोड्रामा'ला ९१. उलट अमेरिकेत 'रॉयल्स' नऊ आठवडे पहिलं होतं आणि 'ग्रीन लाइट' १९व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. अल्बम मात्र बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत थेट पहिला आला, २०१८च्या ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर'चं नामांकनही मिळालं. (जिंकले ब्रुनो मार्स. त्यावर बोलायला लागले तर वेगळं उत्तर होईल.) समीक्षकांना भावला तो सलगपणा: घरातल्या पार्टीची एक रात्र, प्रेमभंग, आणि स्वतःचाच वीट येणं. सुटी गाणी ऐकून तो कळत नाही.

आणि हवाच करायची असती तर तिच्या २०२१च्या 'सोलर पॉवर' अल्बमचीही केली असती की! त्याला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली.

आता, गुण म्हणजे शेवटी थोड्या लोकांच्या मतांची सरासरी, आणि प्रेमभंगाच्या अल्बमवर समीक्षक जरा लवकर भाळतात, हेही खरं. नाही आवडला तर नाही आवडला. पण आधी सलग ऐका, आणि गाणी बदलायचं काम दादासारख्या माणसाकडे देऊ नका.