स्टॉकिस्टकडे पडून राहिलेला माल म्हणजे विक्री नव्हे
वाचकांचे प्रश्न : एमआरची (औषध कंपनीच्या वैद्यकीय प्रतिनिधीची) नोकरी

प्रश्न : बी.एस्सी. झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी एमआर म्हणून लागलो. दिवसाला दहा डॉक्टर आणि पाच केमिस्ट करतो. व्हिज्युअल एड (औषधांची माहिती देणारं सचित्र पुस्तक) उघडेपर्यंत डॉक्टर म्हणतात, “ठीक आहे, सॅम्पल ठेवा.” माझं काय चुकतंय? (लातूर)

उत्तर : डॉक्टर चाळीस सेकंदच देणार असं धरून तयारी करा. एका भेटीत एकच औषध, एकच प्रकारचा पेशंट आणि एकच मुद्दा. बी-12 ची गोळी असेल तर सगळी पानं उलटत बसू नका. “सर, चार-पाच वर्षं मेटफॉर्मिनवर असलेले आणि पायाला मुंग्या येतात म्हणणारे पेशंट” एवढ्यानेच सुरुवात करा. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तुम्ही त्यांच्या ओपीडीतला पेशंट त्यांच्या डोळ्यांसमोर आणता. मग डोस, एका गोळीची किंमत आणि माल कोणत्या दुकानात आहे ते सांगा, आणि निघा.

दुसरी चूक बहुधा क्रमाची आहे. बरेच जण आधी डॉक्टर आणि मग केमिस्ट करतात. तुम्ही आधी दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये जा. आपल्या किती स्ट्रिप शिल्लक आहेत, डॉक्टर सध्या काय लिहितात, कोणत्या चिठ्ठीवर माल मिळत नाही, हे तिथेच कळतं. डॉक्टरांनी लिहिलं आणि दुकानात मिळालं नाही की पेशंट परत वर येतो. असं दोनदा झालं की तुमचा ब्रँड लिहिणं बंद होतं, आणि त्याचं कारण तुम्हाला कोणी सांगत नाही.

डॉक्टरांनी विचारलेलं माहीत नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका. “कंपनीच्या मेडिकल विभागाला विचारून गुरुवारी सांगतो” म्हणा, दवाखान्यातून बाहेर पडताच वहीत लिहा आणि गुरुवारी उत्तर मिळालेलं नसलं तरी जा. “साइड इफेक्ट अजिबात नाही” हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. औषधाला कसलेच दुष्परिणाम नाहीत असा दावा करायला औषध कंपन्यांसाठीच्या सरकारी विपणन संहितेत मनाई आहे, आणि डॉक्टरांचाही त्यावर विश्वास बसत नाही.

प्रश्न : 25 तारीख उलटली की साहेब स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) माल टाकायला लावतात. पुढच्या महिन्यात तोच माल परत येतो. नाही म्हटलं तर नोकरीची भीती. (अकोला)

उत्तर : या धंद्यात माणूस सगळ्यात जास्त खचतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीकडून स्टॉकिस्टकडे जातो तो माल प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे जातो तो सेकंडरी, आणि खरी विक्री हीच. समजा एका ब्रँडची सेकंडरी महिन्याला 200 स्ट्रिप आहे आणि सुरुवातीला 250 शिल्लक होत्या. महिनाअखेरीला तुम्ही 500 टाकल्या. 250 अधिक 500, वजा 200, म्हणजे क्लोजिंग (महिनाअखेरची शिल्लक) 550. पावणेतीन महिन्यांचा माल झाला. पुढच्या महिन्यात स्टॉकिस्टला ऑर्डरची गरजच उरत नाही, पण तुमचं टार्गेट मात्र त्या फुगलेल्या 500 वर बेतलं जातं. तोवर एक्सपायरी जवळ येते. कमी मुदतीचा माल केमिस्ट घेत नाहीत, स्टॉकिस्टचे पैसे अडकतात, कंपनीचं पेमेंट लांबतं आणि पुढचा माल अडतो. नेमकी त्याच आठवड्यात चालू ब्रँडची चिठ्ठी येते, आणि माल नसतो.

म्हणून दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत प्रत्येक स्टॉकिस्टकडून स्टॉक-सेल्स स्टेटमेंट घ्या. क्लोजिंगला मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी सेकंडरीने भागा. एक ते दीड आलं तर ठीक, दोनच्या वर गेलं तर त्या ब्रँडची नवी ऑर्डर थांबवा. बॅचनुसार एक्सपायरीही लिहून ठेवा. पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं.

साहेबांशी बोलायचं ते 20 तारखेला. 29 ला बोलून उपयोग नाही. त्यांच्यावरही वरून दाब असतो, त्यामुळे नुसतं “नाही” त्यांच्या कामाचं नसतं. एका पानावर लिहून द्या : हा स्टॉकिस्ट 120 स्ट्रिप पेलेल, तो 80, त्याहून जास्त नाही, वाढीव विक्री अमुक तीन डॉक्टर आणि दोन मेडिकलमधून येईल. तेच ई-मेलवर पाठवा, म्हणजे पुढे माल परत आला तर तुम्ही काय सांगितलं होतं याची नोंद राहते. आणि काहीही झालं तरी स्वतःच्या पैशाने माल उचलू नका, सॅम्पल विकून आकडा भरू नका. त्यातून बाहेर पडणं फार अवघड जातं.

प्रश्न : आमच्या औषधाने पेशंटच्या अंगावर पुरळ आलं असं डॉक्टर म्हणाले. सहकारी म्हणतात, वर कळवू नकोस. (मडगाव)

उत्तर : कळवा, आणि आजच कळवा. पुरळ औषधानेच आलं हे सिद्ध करणं तुमचं काम नाही. संशय पुरेसा आहे. चार गोष्टी लागतात : पेशंट, माहिती देणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. पेशंटचं नाव नको, आद्याक्षरं, वय आणि स्त्री की पुरुष एवढं चालतं. सोबत बॅच नंबर, डोस, औषध कधी सुरू केलं, त्रास कधी झाला, दुसरी कोणती औषधं चालू होती आणि आता पेशंट कसा आहे, हे घ्या. कंपनीच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) विभागाला लेखी द्या. डॉक्टर स्वतःही गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे नोंद करू शकतात. टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024.

“आमच्या औषधाने असं होत नाही” म्हणू नका, उपचारही सुचवू नका. पंधरा दिवसांनी जाऊन पेशंटची चौकशी मात्र जरूर करा.

प्रश्न : भेटवस्तू बंद झाल्यावर डॉक्टरांना द्यायचं काय? एक डॉक्टर विमानाचं तिकीट मागतात. (कोल्हापूर)

उत्तर : 12 मार्च 2024 च्या विपणन संहितेनुसार डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू, प्रवास, हॉटेल देता येत नाही. शैक्षणिक कार्यक्रमात डॉक्टर वक्ते असतील तर प्रवास-मुक्कामाला तेवढा अपवाद आहे. माहितीपर वस्तू हजार रुपयांच्या आतली चालते. सॅम्पलचं एक पाकीट जास्तीत जास्त तीन पेशंटच्या उपचारापुरतं, आणि एका औषधाची अशी बाराच पाकिटं एका डॉक्टरला वर्षभरात. “सर, नियमात बसत नाही” एवढं सरळ सांगा, आड वाट सुचवू नका.

देण्यासारखं बरंच आहे, ताई. इन्हेलर असेल तर रिकामं डेमो यंत्र घेऊन कंपाउंडरला शिकवा : हलवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढायला लागताच दाबायचं, दहा सेकंद धरून ठेवायचं, दुसऱ्या पफआधी मिनिटभर थांबायचं, स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. अनेक पेशंट दाबतात आधी आणि ओढतात नंतर. औषध घशातच राहतं आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही. इन्सुलिन विकत असाल तर केमिस्टच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा. 2 ते 8 अंश हवं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेली कुपी वितळली तरी वापरायची नाही. लोडशेडिंगच्या गावात हे तपासणारा एमआर केमिस्टला हवाच असतो.

प्रश्न : नऊ वर्षं झाली. आमची डिव्हिजन बंद होणार असं कळतंय. स्टॉकिस्टचा धंदा जमेल का? (परभणी)

उत्तर : नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचे कागद आधी घरी आणून ठेवा. घाऊक औषधविक्रीला एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) 20-बी आणि 21-बी परवाने लागतात. जागा किमान 10 चौरस मीटर हवी. देखरेखीला नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर, किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक चालतो. तुमचा एमआरचा अनुभव यात धरतील का, हे अर्जाआधी जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांना विचारा. भांडवलाचा हिशेब मात्र नीट मांडा : कंपनीला पैसे तीन आठवड्यांत द्यायचे आणि केमिस्टकडून यायला दीड महिना लागणार असेल, तर मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांचा माल तुमच्या पैशाने फिरणार आहे.