डोंगल दिसतो, वाय-फाय दिसत नाही

प्रश्न : डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं. 'एलएसयूएसबी'त (यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा, lsusb) वाय-फाय डोंगल दिसतो, पण नेटवर्कची यादी रिकामीच. फोनवर नेट व्यवस्थित चालतं. डोंगल बदलू का?

उत्तर : थांबा, खर्चात पडू नका. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) चालवा; वायरलेस उपकरणं बंद करून ठेवली आहेत का, ते कळतं. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' (rfkill unblock wifi) द्या, काम होईल. पण 'वायरलेस लॅन'ची नोंदच नसेल तर माझा संशय फर्मवेअरवर, म्हणजे डोंगल चालवायला लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरवर. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'फर्मवेअर' शोधा; फाइल लोड झाली नसेल तर बहुधा तिथे नावासकट तक्रार सापडते. त्या फर्मवेअरचं पॅकेज उतरवायला नेट कुठून आणायचं? फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. (डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या 12व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, उशिरा सुचलं, पण सुचलं!) आणि डोंगल डेस्कटॉपच्या मागे, कॅबिनेटच्या पत्र्याच्या आड खोचू नका, रेंज मार खाते.